दोन रिमोट सेशनमधून जाणारी प्रिंट वाटेत कुठे हरवते?

"भाऊ, प्रिंट परत खंय गेली?"

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅचमधून हा फोन मला महिन्यातून तीन-चार वेळा यायचा. वेळ ठरलेली, संध्याकाळी पाच ते सात. बाहेर ट्रक भरून उभा, ताडपत्री बांधलेली, वर पाऊस. ड्रायव्हरला अंधार पडायच्या आत गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडायची असते. ई-वे बिल मोबाइलवर दाखवता येतं, पण गेट पास आणि वाहतूकदाराची बीजकाची प्रत कागदावर हातात पडल्याशिवाय गेटवरचा माणूस गाडी सोडत नाही, आणि तो बरोबरच करतो. डिस्पॅचला बसणाऱ्या ताई स्क्रीनवर 'प्रिंट' दाबतात, बाण फिरतो, थांबतो. प्रिंटर गप्प. एररही नाही.

पहिले काही महिने मीही सगळे करतात तेच केलं, बंद करून परत चालू करायला सांगितलं. कधी चालायचं, कधी नाही. चाललं तरी का चाललं ते कळायचं नाही, म्हणून चार दिवसांनी परत फोन. शेवटी एक शनिवार तिथेच बसलो आणि प्रिंटचा रस्ता कागदावर काढला. तेव्हापासून फोन जवळजवळ बंद झाले. फोंडा, डिचोली, म्हापसा भागात माझ्यासारखं काम करणारे बरेच जण आहेत आणि अशी रचना आता बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रस्ता समजून घ्या

त्या कारखान्यात टेबलावर साधा विंडोज संगणक आहे. त्यावरून कंपनीच्या मुख्य कार्यालयातल्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचा संगणक आपल्या स्क्रीनवर उघडून, जायचं. याला मी 'बाहेरचं सेशन' म्हणतो. त्या डेस्कटॉपवर आणखी एक आयकॉन असतो. त्यावर क्लिक केलं की सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर दुसरं रिमोट सेशन उघडतं. हे 'आतलं सेशन'. बीजक बनवणारा प्रोग्राम तिथे चालतो. पुरवठादार सर्व्हरवर थेट प्रवेश देत नाही, फक्त मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावरून देतो, म्हणून हा दुहेरी दरवाजा.

माणूस टेबलावरून आत जातो आणि प्रिंट आतून टेबलाकडे येते. आतल्या सर्व्हरला कुंडईचा प्रिंटर माहीतच नाही. त्याला दिसतो तो बाहेरच्या सेशनने पुढे केलेला प्रिंटर. बाहेरच्या सेशनलाही खरा प्रिंटर दिसत नाही, त्याला टेबलावरच्या संगणकाने पुढे केलेला दिसतो. म्हणजे एकच प्रिंट तीन ठिकाणी रांगेत उभी राहते: आतल्या सर्व्हरच्या स्पूलरमध्ये (प्रिंट रांगेत लावून पुढे पाठवणारा विंडोजचा भाग), बाहेरच्या डेस्कटॉपच्या स्पूलरमध्ये आणि शेवटी टेबलावरच्या संगणकात. तिन्हीपैकी कुठेही अडली तरी ताईंना दिसणारं चित्र एकच, कागद आला नाही.

विंडोज सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टने यासाठी 'ईझी प्रिंट' दिलं. सर्व्हरवर प्रत्येक प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकावा लागू नये, हा त्याचा हेतू. सर्व्हर पान एक्सपीएस या पीडीएफसारख्या स्वरूपात बनवतो, ते रिमोट कनेक्शनमधूनच खाली पाठवतो आणि खालचा संगणक ते आपल्या खऱ्या ड्रायव्हरने छापतो. एका सेशनला हे उत्तम चालतं. एकात एक दोन सेशन असली की हीच क्रिया दोनदा होते, आणि प्रत्येक वेळी प्रिंटरचं नाव, कागदाचं माप आणि डीफॉल्ट निवड नव्याने ठरते. बहुतेक दुखणी या नव्याने ठरण्यातच आहेत.

चार पानांची चाचणी

बीजकाच्या प्रोग्राममधून प्रिंट देऊन तपासू नका. नोटपॅड उघडा, एक ओळ टाइप करा आणि छापा. आधी टेबलावरच्या संगणकावरून, मग बाहेरच्या सेशनमधून, मग आतल्या सेशनमधून. सगळ्यात शेवटी त्या प्रोग्राममधून. प्रत्येक पानावर कुठून दिली आणि किती वाजता दिली ते टाइप करा. जे पहिलं पान आलं नाही, दोष त्या टप्प्यात. इतकं साधं आहे, पण हे न करता लोक थेट ड्रायव्हर बदलायला धावतात आणि दिवस घालवतात.

चाचणी त्या वापरकर्त्याच्याच लॉगिनने करा. ॲडमिनच्या लॉगिनला सर्व्हरवरचे दुसऱ्यांचेही रिडायरेक्ट झालेले, म्हणजे सेशनमधून पुढे केलेले, प्रिंटर दिसतात, साध्या वापरकर्त्याला फक्त स्वतःचे. "माझ्याकडे तर दिसतोय" असं पुरवठादाराचा माणूस म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो वेगळी यादी बघत असतो, एवढंच.

पानं येतात, पण कधीतरीच हरवतात, असा प्रकार असेल तर नोंदी चालू करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, प्रिंटसर्व्हिस या वाटेने गेलं की 'ऑपरेशनल' नावाचा लॉग मिळतो. तो मुळात बंद असतो, उजवी टिचकी मारून चालू करावा लागतो. त्यात ३०७ क्रमांकाची नोंद म्हणजे त्या संगणकाच्या स्पूलरने आपलं काम पूर्ण केलं. त्या नोंदीत वापरकर्ता, प्रिंटरचं नाव, पानं आणि आकार किती बाइट ते असतं. हा लॉग तिन्ही ठिकाणी चालू ठेवला की वाद मिटतो. आत ३०७ आहे, बाहेर नाही, तर प्रिंट आतल्या आणि बाहेरच्या सेशनच्या मध्ये अडकली. तिन्हीकडे ३०७ आहे आणि कागद नाही, तर केबल, रिबन किंवा कागद बघा. सर्व्हरवाल्यांना फोन करायचं कारण नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद दमट होतो. अखंड कागदाचा खोका रात्रभर उघडा राहिला की कडेची भोकं प्रिंटरमधल्या ट्रॅक्टरच्या (कागद ओढणाऱ्या पट्ट्याच्या) दात्यांवर फाटतात आणि कागद तिरका चढतो. खोका झाकून ठेवा, वर फक्त लागणारी पट्टी काढा.

बाहेर दिसतो, आत दिसत नाही

हा सगळ्यात जास्त भेटणारा दोष. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस' या पानावर 'प्रिंटर्स'समोर खूण लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. मात्र ती खूण दोनदा लागते हे ध्यानात येत नाही. टेबलावरच्या संगणकावर केलेली खूण फक्त पहिल्या दरवाजापुरती. दुसरी खूण बाहेरच्या सेशनच्या आत जाऊन, दुसऱ्या कनेक्शनच्या आयकॉनवर करायची. पुरवठादाराने पाठवलेल्या तयार आयकॉनमध्ये ती बऱ्याचदा काढलेली असते. आयकॉनची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर 'रिडायरेक्टप्रिंटर्स' अशी ओळ सापडेल. शेवटी १ असेल तर चालू, ० असेल तर बंद. खूण करून 'सेव्ह' दाबलं नाही तर उद्या परत तेच.

दोन्ही खुणा असूनही दिसत नसेल तर सर्व्हरची पॉलिसी बघायला सांगा. ग्रुप पॉलिसीमध्ये (विंडोजच्या सगळ्यांना लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या खाली 'प्रिंटर रिडायरेक्शन' असा भाग आहे. तिथे प्रिंटर पुढे पाठवणं पूर्ण बंद करणारी एक पॉलिसी आहे आणि फक्त डीफॉल्ट प्रिंटर पाठवणारी एक. दुसरी चालू असेल तर टेबलावर तीन प्रिंटर असूनही आत एकच पोचतो. सर्व्हरवर 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस यूझरमोड पोर्ट रिडायरेक्टर' ही सेवा चालू आहे ना, तेही त्यांना बघू द्या. ती बंद असेल तर कोणाचाच प्रिंटर येणार नाही.

सिस्टम लॉगमध्ये ११११ क्रमांकाची नोंद असेल तर सर्व्हर सांगतोय की या प्रिंटरसाठी मागितलेला ड्रायव्हर माझ्याकडे नाही. विंडोज संगणकावरून हे कमी होतं, कारण ईझी प्रिंट सांभाळून घेतं. लिनक्सवर चालणाऱ्या थिन क्लायंटवरून (फक्त सर्व्हरला जोडण्यापुरत्या छोट्या संगणकावरून) हमखास होतं. असे क्लायंट ईझी प्रिंट वापरत नाहीत, ते एखाद्या ठरावीक पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरचं नाव सर्व्हरला सांगतात. जुन्या सर्व्हरवर तो ड्रायव्हर आधीपासून असायचा, नव्यावर नसतो. मग सर्व्हर अद्ययावत झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या थिन क्लायंटची प्रिंट बंद, असं होतं. क्लायंटच्या सेटिंगमध्ये ड्रायव्हरचं नाव बदलता येत असेल तर सर्व्हरवर खरोखर असलेलं नाव अक्षर न् अक्षर तसंच टाका.

वेळेचा मुद्दाही आहे. बाहेरचं सेशन उघडल्यावर प्रिंटर लगेच तयार होत नाहीत, काही सेकंद जातात. ताईंच्या डेस्कटॉपवर कोणीतरी आतल्या सेशनचा आयकॉन स्टार्टअपमध्ये टाकला होता, हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे बाहेर प्रिंटर तयार व्हायच्या आतच आतलं सेशन उघडायचं, आणि आत पोचायचा तो भलताच डीफॉल्ट. तो आयकॉन स्टार्टअपमधून काढला. आता बाहेरच्या सेशनमध्ये प्रिंटर दिसला की मगच आत जायचं, असं ठरवलंय. रिमोट डेस्कटॉपऐवजी सिट्रिक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर असेल तर प्रिंटर तयार होईपर्यंत थांबवणारी पॉलिसी त्यातच मिळते, ती मागून घ्या.

नावाला लागणाऱ्या शेपट्या

आमच्या कारखान्यातला मूळ दोष हा होता, म्हणून यावर जरा थांबतो.

प्रिंटर पहिल्या सेशनमध्ये पोचला की त्याच्या नावामागे कंसात 'रिडायरेक्टेड' हा शब्द आणि सेशनचा क्रमांक लागतो. दुसऱ्या सेशनमध्ये त्याच नावामागे आणखी एक कंस, आणखी एक क्रमांक. हे क्रमांक रोज बदलतात, कारण ते त्या सर्व्हरवरच्या त्या वेळच्या सेशनचे असतात. आज ४ आणि ११, उद्या २ आणि १७.

बीजकाचा प्रोग्राम प्रिंटर नावाने लक्षात ठेवत होता. सोमवारी ताईंनी सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटर निवडला, प्रिंट आली, सगळे खूश. मंगळवारी सेशन नवं, क्रमांक नवे. प्रोग्राम कालच्या नावाचा प्रिंटर शोधतो, तो आता जगात नाही, आणि प्रोग्राम काही न बोलता सोडून देतो. दर वेळी 'बंद करून चालू' केल्यावर कधी चालायचं आणि कधी नाही, त्याचं कारण हेच. योगायोगाने जुनेच क्रमांक परत मिळाले तर चालायचं.

दुसरा त्रास लांबीचा. विंडोजच्या जुन्या पद्धतीने प्रिंटरची माहिती साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये नावाला जागा असते ३१ अक्षरांची. इंग्रजीत लिहिलेली एक शेपटी, मधली मोकळी जागा आणि कंस धरून, क्रमांक एकअंकी असेल तर १५ अक्षरांची होते. दोन शेपट्या म्हणजे ३० अक्षरं. मूळ नावाला उरलं एक! कंपनीच्या ड्रायव्हरने दिलेलं नाव स्वतःच पंधरा-वीस अक्षरांचं असतं. म्हणजे असा प्रोग्राम नाव मध्येच तोडतो, आणि तोडलेल्या नावाचा प्रिंटर सापडत नाही. टेबलावर एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर असतील, एक बीजकाला आणि एक गेट पासला, तर दोघांचं तोडलेलं नाव सारखंच होऊ शकतं. मग बीजक गेट पासच्या कागदावर येतं.

यावर केलं ते असं. टेबलावरच्या संगणकावर प्रिंटरची नावं बदलली. बीजकाचा 'बी१', गेट पासचा 'जी१', अशी दोन-तीन इंग्रजी अक्षरांची नावं, मोकळी जागा नाही, तिरपी रेघ नाही. त्याने लांबी पूर्ण बसत नाही, पण नावाचं पहिलंच अक्षर वेगळं असल्याने तोडल्यावरही दोघे वेगळे राहतात. मग बीजकाच्या प्रोग्राममध्ये प्रिंटर नावाने निवडणं बंद करून 'डीफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय लावला. गेट पाससाठी डीफॉल्ट चालणार नव्हता, तिथे आतल्या सेशनमध्ये लॉगिनच्या वेळी चालणारी छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट पुरवठादाराकडून बसवून घेतली. ती सगळ्या प्रिंटरची यादी घेते, 'जी१'ने सुरू होणारं नाव शोधते आणि आजचं पूर्ण नाव प्रोग्रामच्या सेटिंग फाइलमध्ये लिहिते. दहा-बारा ओळींचं काम. पुरवठादाराने सुरुवातीला टाळाटाळ केली. नावात रोज बदलणारा क्रमांक त्यांना दोन दिवसांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून दाखवला तेव्हा पटलं.

एक सवयही बदलावी लागली. जेवायला जाताना लोक खिडकीची फुली दाबतात. त्याने सेशन संपत नाही, नुसतं तुटतं. प्रोग्राम आत उघडाच राहतो. परत जोडल्यावर प्रिंटर नव्याने तयार होतात, पण उघड्या प्रोग्रामच्या डोक्यात जुनी यादी असते. म्हणून परत आल्यावर निदान बीजकाचा प्रोग्राम बंद करून उघडायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना आधी आतून साइन आउट, मग बाहेरून. क्रम उलटा नको.

डीफॉल्ट आपोआप बदलतो तेव्हा

विंडोज १० च्या १५११ आवृत्तीपासून 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' असा पर्याय आला. तो चालू असेल तर शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट बनतो. ताईंनी दुपारी कोणाला तरी मेल करायला एक पीडीएफ बनवली की पीडीएफ प्रिंटर डीफॉल्ट. मग आतल्या सेशनमधलं बीजक त्या पीडीएफ प्रिंटरकडे जातं, फाइल कुठे ठेवायची हे विचारणारी खिडकी खालच्या टप्प्यावर उघडते, आणि वर आतलं सेशन पूर्ण स्क्रीनभर असल्यामुळे ती दिसतच नाही. एकदा अर्ध्या तासाने खिडकी लहान केली तेव्हा मागे अशा पाच खिडक्या एकावर एक सापडल्या. पाचही बीजकं वाट बघत होती.

हा पर्याय टेबलावरच्या संगणकावर आणि बाहेरच्या सेशनमध्ये, दोन्हीकडे बंद करा. फॅक्स, वननोट, एक्सपीएस असे नुसते नावाचे प्रिंटर टेबलावरच्या संगणकावरून काढून टाका. ते प्रत्येक टप्प्यावर पुढे जातात, यादी लांबवतात आणि लॉगिनला वेळ लावतात.

डॉट मॅट्रिक्स

बीजकाच्या तीन प्रती लागतात: घेणाऱ्याला मूळ, वाहतूकदाराला दुसरी, आपल्याला तिसरी. कार्बनवाल्या कागदावर एकाच वेळी उमटणाऱ्या प्रतींसाठी डॉट मॅट्रिक्सला (सुया ठोकून छापणाऱ्या प्रिंटरला) अजून पर्याय नाही, म्हणून गोव्यातल्या कारखान्यांत आणि घाऊक व्यापाऱ्यांकडे एप्सन आणि टीव्हीएसचे प्रिंटर आजही चालतात. पण ईझी प्रिंट आणि डॉट मॅट्रिक्स यांचं पटत नाही.

या प्रिंटरमध्ये स्वतःची अक्षरं असतात. थेट जोडून साधा मजकूर पाठवला की तो आपल्या अक्षरांनी भराभर छापतो. ईझी प्रिंटमधून मात्र पान चित्र म्हणून येतं. नऊ सुयांचा प्रिंटर ते चित्र ओळीवर ओळ घासत काढतो. छपाई हळू, अक्षर फिकट, तिसऱ्या प्रतीवर तर आकडे वाचवत नाहीत. ड्रायव्हर बदलून हे सुधारत नाही.

कागदाचं माप दुसरी डोकेदुखी. तुमचा कागद १० बाय १२ इंचाचा, आणि वाटेत कोणत्या तरी टप्प्यावर माप सापडलं नाही म्हणून विंडोजने ११ इंची 'लेटर' धरलं. मग प्रत्येक पानामागे छपाई एक इंच वर सरकते. पहिलं बीजक ठीक, तिसऱ्याचं शीर्षक दुसऱ्याच्या सहीवर. लोक हाताने कागद फिरवून जुळवतात आणि प्रिंटर बिघडला म्हणतात. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉर्म्स' या पानावर आपल्या मापाचा फॉर्म बनवा. टेबलावर, बाहेर आणि आत, तिन्ही ठिकाणी एकाच नावाने. मग टेबलावरच्या प्रिंटरच्या पसंतीत तोच फॉर्म निवडून ठेवा.

आम्ही शेवटी बीजकाचा डॉट मॅट्रिक्स या दुहेरी वाटेवरून काढूनच घेतला. प्रिंटर जागचा हलत नाही, रोज तोच, मग त्याला रोज दोन दरवाजांतून का पाठवायचं? प्रिंटरला एक छोटा नेटवर्क प्रिंट सर्व्हर लावला, त्याला कारखान्यातला कायमचा आयपी पत्ता दिला. कारखाना आणि डेटा सेंटर यांच्यात कायमचं व्हीपीएन (इंटरनेटवरूनची खाजगी जोडणी) बांधून घेतलं, आणि फायरवॉलमध्ये फक्त त्या एका पत्त्याचं ९१०० पोर्ट (प्रिंट जाण्याची वाट) उघडलं, दुसरं काही नाही. आतल्या सर्व्हरवर प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर टाकून त्या पत्त्याची रांग बनवली. आता नाव कायम, शेपटी नाही, छपाई प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरात. माझं स्पष्ट मत आहे की एका जागी ठेवलेल्या, गाडी अडवू शकणाऱ्या प्रिंटरसाठी हीच पद्धत धरावी. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांसाठी रिडायरेक्शन ठीक आहे.

२०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) बारकोड लेबलांनाही हेच लागू. पान चित्र होऊन दोनदा लहान-मोठं झालं की रेघांची जाडी बदलते आणि स्कॅनर वाचत नाही.

प्रिंट येते, पण चहा होईपर्यंत

स्कॅन केलेलं प्रमाणपत्र छापायला दिलं की सगळ्यांची स्क्रीन अडखळते. ए४ पान ६०० डीपीआयला रंगीत, न दाबता धरलं तर सुमारे १०४ एमबी होतं. ३०० डीपीआयला त्याचा चौथा भाग, २६ एमबी. वाटेत ते दाबलं जातं हे खरं, पण स्कॅन फारसा दाबला जात नाही. प्रिंट आणि स्क्रीन एकाच कनेक्शनमधून येतात, त्यामुळे मोठी प्रिंट चालू असताना माउससुद्धा जड होतो. ३०७ च्या नोंदीतला आकार बघा, बीजकाचा काही केबी आणि प्रमाणपत्राचा शंभरपट असा फरक तिथेच दिसतो. अशा फाइली आतून छापू नयेत. पीडीएफ टेबलावर आणून तिथून छापावी. घाईच्या वेळी बीजकासाठीही हीच तात्पुरती वाट आहे, ताईंना ती शिकवून ठेवा.

रांग अडकली तर

टेबलावरच्या संगणकावर स्पूलर थांबवून, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या 'स्पूल' आणि त्यातल्या 'प्रिंटर्स' फोल्डरमधल्या फाइली काढून परत चालू करायला हरकत नाही. आतल्या सर्व्हरवर मात्र हे दिवसा कोणाला करू देऊ नका. तिथे स्पूलर एकच आणि माणसं पन्नास. तो बंद-चालू झाला की बाकीच्यांचे रिडायरेक्ट झालेले प्रिंटरही जातात आणि त्यांना परत जोडावं लागतं. तुमचा एक ट्रक सुटतो आणि दुसऱ्या गावातले चार अडतात.

विंडोज अपडेटनंतर लगेच बंद पडलं असेल तर दिशा वेगळी. जुलै २०२१ मध्ये स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' ही त्रुटी समोर आली. त्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून साध्या वापरकर्त्याला शेअर्ड प्रिंटरचा ड्रायव्हर टाकता येत नाही. त्याच सुमारास, शून्यांच्या रांगेनंतर '११बी' असा शेवट असलेली एरर शेअर्ड प्रिंटरवर येऊ लागली. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बदल करून ती सुरक्षा बंद करण्याचे उपाय लोक सांगतात. करू नका. प्रिंटर शेअर करणारा आणि वापरणारा, दोन्ही संगणक पूर्ण अद्ययावत करा आणि ड्रायव्हर ॲडमिनकडून आधीच टाकून घ्या.

पुरवठादाराला काय पाठवायचं

"प्रिंट येत नाही" एवढंच कळवलं तर उत्तरही "आमच्याकडे सगळं ठीक आहे" एवढंच येतं. मी आता असा मेल पाठवतो:

"आज संध्याकाळी ५.४० वाजता. वापरकर्ता डिस्पॅच २. टेबलावरून आणि बाहेरच्या सेशनमधून नोटपॅडचं पान आलं. आतल्या सेशनमधून आलं नाही. आतल्या सेशनमध्ये दिसणारं प्रिंटरचं पूर्ण नाव, ड्रायव्हर आणि पोर्ट सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये. त्या पानाची बाहेरच्या डेस्कटॉपवर ३०७ ची नोंद नाही. कृपया तुमच्या सर्व्हरवर त्या वेळची ३०७ आणि ११११ ची नोंद आहे का ते बघून सांगा. स्पूलर बंद-चालू करणार असाल तर आधी फोन करा, गाडी उभी आहे."